जोडाच्या वर चाललेली कात्री

मगदूम बाईंच्या घरामागच्या परड्यातल्या सोनचाफ्याला सहा वर्षं फूल आलं नाही. या सहा वर्षांत त्या झाडाबद्दल मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत बरंच बोललं गेलं. जागेलाच दोष आहे, बाईंच्या हाताला यश नाही, शेजारणीच्या धुण्याचं पाणी मुळाशी जातंय, असं काय काय. यातलं काहीच खरं नव्हतं. दोष माझा होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, यातल्या निम्म्या गोष्टी मीच लोकांच्या तोंडी दिल्या होत्या.

मी सव्वीस वर्षं नर्सरी चालवतोय. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर माणूस आधी पुष्पप्रदर्शनातली बक्षिसं आठवतो. मलाही दोन-चार मिळालीत. ती नर्सरीच्या भिंतीला टांगलेली आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. जे कुणाला दिसत नाही तेच लिहावं, असं ठरवून बसलोय.

आमचा धंदा बाहेरून फार सोज्वळ दिसतो. 'झाडांच्यात राहता, नशीबवान आहात,' असं लोक म्हणतात. पण झाडं बोलत नाहीत, गिऱ्हाईकं बोलतात. एक रिटायर साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पानं न गळणारं झाड द्या. बारा महिने हिरवं पायजे." मी बकुळ दिली. चार-पाच वर्षांनी झाड चांगलं डोक्याच्या वर गेलं, आणि एका फाल्गुनात साहेब सिमेंटचं पोतं खांद्यावर टाकून नर्सरीत हजर. पोतं माझ्या टेबलावर उपडं केलं.

"ही काय हायत?"

"पानं."

"कशाची?"

"बकुळीची."

"तुम्ही तर म्हणालता, हे झाड सदाहरित हाय!"

मी त्यांना बसवून समजावलं. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे. जुनं पान जायच्या आधी नवं आलेलं असतं, त्यामुळे झाड कधी उघडं पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भरल्या घरात थोरलं माणूस गेलं तरी नातवंडं असतातच, घर रिकामं दिसत नाही, तसं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या हिनं बारा महिने झाडत बसायचं. सरळ सांगा की." पोतं तिथंच टाकून गेले. हुसेनभाईंनी त्याचं खत केलं.

हे हुसेनभाई म्हणजे माझे कलमं बांधणारे कारागीर. मूळचे कबनूरचे. वीस वर्षं यंत्रमागावर काढली. मागावर तुटलेला धागा चालत्या कामात चिमटीत धरून गाठ मारायची त्या बोटांना सवय. मंदीत माग बंद पडले तेव्हा ते माझ्याकडे पाणी घालायच्या कामावर आले आणि महिनाभरात माझ्यापेक्षा सुबक कलम बांधायला लागले. मी दहा बांधावीत तर सहा जगत. त्यांची नऊ जगतात, आणि दहावं का मेलं यावर ते दोन दिवस हळहळतात.

आता सोनचाफ्याचं कलम म्हणजे काय, हे सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. बी लावून वाढवलेला सोनचाफा फुलायला सात-आठ वर्षं घेतो, कधी दहाही. कुणाला एवढा धीर नसतो. म्हणून आम्ही बीपासून आलेलं लहान रोप घेतो, त्याला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा कापायचा आणि तिथं आधीच फुलत असलेल्या चाफ्याची काडी बसवून पट्टीनं घट्ट बांधायची. मुळं खुंटाची, वरचं झाड त्या फुलणाऱ्या काडीचं. काडी वयात आलेलीच असते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत फूल दिसतं. पण खुंट काही मुकाट राबत नाही. त्याला स्वतःचं झाड व्हायचं असतं. जोडाच्या खालून तो फूट काढत राहतो, आणि ती फूट दणकट असते. ती दिसली की काढायची. जोडाच्या वरचं ठेवायचं, खालचं काढायचं. आमच्या धंद्यातला पहिला नियम. नर्सरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो घोकायला लावतो.

मगदूम बाईंनाही लावला होता. खरं तर बाईंना काही शिकवायचं म्हणजे अवघडच, कारण चौथीत त्या मला शिकवायला होत्या. पुढे मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बाई हसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या, असं आमच्या शाळेचा शिपाई शपथेवर सांगे. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या.

"दत्ता, सोनचाफा दे. शुक्रवारी अंबाबाईला विकतचं फूल नेते, ते आता घरचं न्यायचंय. फसवू नकोस."

"बाई, तुम्हाला फसवीन का?" मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

कलम हुसेनभाईंनी बांधलेलं होतं, उत्तम होतं. वर्षभरात कमरेएवढं झालं. बाईंचा फोन आला, "खालून भलतंच काहीतरी फुटलंय, येऊन बघ." मी कात्री घेऊन गेलो. जोडाखालून खुंटाची फूट आली होती आणि कलमाच्या फांदीएवढीच उंच झाली होती. दोन्ही शेजारी शेजारी, पानं सारखीच. अशा वेळी खाली बसायचं, माती बाजूला करायची, जोड बोटानं चाचपायचा आणि मगच कात्री लावायची. मी खाली बसलोही. तेवढ्यात बिद्रीहून एका ऊसवाल्या पावण्यांचा फोन आला.

त्यांनी माझ्याकडून नेलेला चाफा हत्तीसारखा वाढला होता, पान सुपाएवढं, पण फूल नाही. खत काय घालता विचारलं, तर म्हणाले, "उसाला टाकतो तेच की. जाता जाता दोन वंजळी युरिया ह्यालाबी टाकतो. त्यानं तरी का उपाशी ऱ्हावं?"

माझं डोकं फिरलं. "अवो पावणं, झाडाकडं लक्ष पायजे! झाड म्हंजे काय ऊस हाय? आपण काय करतोय त्याच्याकडं माणसानं बघायला नको?" असं मी त्यांना चांगलं पाच मिनिटं सुनावलं. मोबाईल खांदा आणि कानात दाबलेला. सुनावता सुनावता कात्री लावली. कच्चकन फांदी हातात आली. ती गाडीच्या डिकीत खोचली, बाईंचा चहा घेतला आणि निघालो.

नर्सरीत हुसेनभाईंनी डिकीतली फांदी काढली. तिच्या बुडाशी पट्टीचा वळ होता.

"मालक, ही कुणाची?"

"मगदूम बाईंची. खुंटाची फूट."

हुसेनभाईंनी वळावरून अंगठा फिरवला. आपण बांधलेली गाठ ते विसरत नाहीत. "खुंटाची न्हाई. ही कलमाचीच हाय की. वरचं कापलासा तुम्ही आणि खालचं ठेवलासा."

बाईंच्या परड्यात आता नुसता बीचा चाफा उभा होता, सात-आठ वर्षं फुलाचं नाव न काढणारा.

"काय झालं न्हाई," हुसेनभाई म्हणाले. "उद्या चार काड्या घेऊन जातो, हाय त्याच फुटीवर परत बांधतो. दोन वर्सांत फूल. बाईंना सांगा, चुकलं म्हणून."

पाऊण तासाचं काम होतं. पण बाईंना सांगायचं, ही अट मला जड गेली. वय वर्षं पंचेचाळीस, पदरी दोन मुलं, भिंतीवर बक्षिसं, आणि चौथीतल्या बाईंसमोर 'चुकलं' म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा आलाच नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी विचारलं, "फूल कधी?"

मी म्हणालो, "यंदा मुळं धरतंय बाई. पुढच्या वर्षी."

दुसऱ्या वर्षी मी शेण, गूळ आणि ताकाचा काला आठ दिवस आंबवून घालायला सांगितला. बाईंनी सांगितलेलं चुकवलं नाही. अख्खी गल्ली आठ दिवस नाकाला पदर लावून फिरत होती. तिसऱ्या वर्षी मी म्हणालो, झाडाला ताण द्या, महिनाभर पाण्याचा थेंब नको. त्या महिन्यात दोनदा वळवाचा पाऊस झाला. दोन्ही वेळा बाईंनी बुंध्यावर प्लास्टिक अंथरलं, वर छत्री धरली आणि पाऊस थांबेपर्यंत स्वतः भिजत उभ्या राहिल्या. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, अभ्यास पुरा केल्यासारखं. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

हुसेनभाई प्रत्येक उपायाला एकच वाक्य म्हणायचे, "मालक, तोंडानं कलम बसत न्हाई."

मी एकदा सांगायला गेलोही. बाईंनी दारातच म्हटलं, "बरं झालं आलास, पोहे केलेत." समोर बशी आली. पहिला घास घेऊन मी म्हणालो, "बाई, त्या झाडाचं एक सांगायचं होतं." बाईंनी लगेच वही-पेन काढलं. मी काय सांगतो ते तारीख घालून उतरवायची त्यांची पद्धत होती. पेन उघडलेलं बघून माझा धीर सुटला. आजूबाजूला बघितलं. परड्याच्या भिंतीपलीकडे धुणं धोपटल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "ते साबणाचं पाणी मुळाशी झिरपत असणार."

हे माझं सगळ्यांत वाईट वाक्य.

भिंतीपलीकडे सुतार आक्का राहायच्या. त्या आणि बाई तीस वर्षांच्या शेजारणी. दोघींचे मालक गेलेले, दोघींची मुलं पुण्याला. फक्त आक्काची सून वर्षभरापूर्वी पुण्याहून आक्काजवळ राहायला आली होती. रोज संध्याकाळी पाचला बाईंच्या कट्ट्यावर दोघींचा चहा व्हायचा. आक्का बोलायच्या आणि बाई ऐकायच्या. बाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं असेल तर ते आक्काचंच. माझ्या वाक्यानंतर बाई पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, धुणं पुढच्या अंगणात धुवा. आक्का म्हणाल्या, "तीस वर्सं हितंच धुतोय. तुझ्या झाडाच्या आधीपास्नं." शब्दाला शब्द लागला. चहा बंद झाला. पाच वाजता बाई एकट्याच कट्ट्यावर बसायच्या, आणि पलीकडे आक्का मुद्दाम पाच वाजताच धुणं काढायच्या.

मला हे कळलं तेव्हा मी जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर पाचव्या वर्षाचा उपाय सांगितला. खरं तर तो बाईंचाच. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की, जुन्या काव्यांत अशोक बाईच्या पायाच्या ठोकरीनं फुलतो आणि चाफा बाईच्या हसण्यानं. "हे शास्त्रीय आहे का रे?" त्यांनी फोनवर विचारलं. मला आणखी एक वर्ष मिळत होतं. "करून बघायला हरकत न्हाई बाई," मी म्हणालो. "पण रोज करायला पायजे. सकाळच्या पारी."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला मगदूम बाई चाफ्यासमोर ताठ उभ्या राहून हसू लागल्या. सवय नव्हती, त्यामुळे सुरुवातीला नुसता 'हा, हा, हा' असा हजेरी घेतल्यासारखा आवाज यायचा. दूधवाल्यानं पहिले दोन दिवस दूध कोपऱ्यावरच ठेवलं. शाळेची पोरं आईच्या मागं लपायची. आठवड्यानं बाईंना जमायला लागलं, आणि आवाज भिंतीपलीकडे नीट पोचायला लागला.

पलीकडे आक्का त्याच वेळी सकाळचं धुणं घेऊन बसलेल्या असायच्या.

"मला हसतीया," आक्कानं गल्लीत सांगितलं. "माज्या म्हातारपनाला हसतीया ती. शिकल्याली बाई!" दुसऱ्या दिवसापासून सातला आक्का पत्र्याचा डबा वाजवायला लागल्या. इकडे हसू, तिकडे डबा. गल्लीतल्या लोकांना आता गजर लावायची गरज उरली नव्हती. मला हे दूधवाल्यानंच रंगवून सांगितलं. मी हसलो आणि मग रात्रभर कूस बदलत राहिलो.

या वर्षी वैशाखात बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"दत्ता, झाड काढून टाकायचंय. माणसं पाठव."

"का हो बाई?"

"आक्का मोरीत पडली. पाय मोडला. चार दिवस झाले. मला दूधवाल्यानं सांगितलं. भिंतीपलीकडं बाई पडली नि मला दूधवाला सांगतो. या झाडापायी मी तिला तोडली, आणि झाड काही फुललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर नको ते आता."

मी म्हणणार होतो, थांबा बाई, आता ते वयात आलंय, पुढच्या वर्षी नक्की फुलेल. हे या वेळी खरंच होतं. बीचं झाड, त्याची वर्षं भरत आली होती. पण 'पुढच्या वर्षी' हे शब्द मी सहा वर्षं वापरून पार झिजवून टाकले होते. खरं सांगायला माझ्याजवळ दुसरे शब्दच उरले नव्हते. उरलं होतं ते एकच वाक्य, जे मी गिळून बसलो होतो.

हुसेनभाईंना म्हटलं, "शिडी आणि करवत घ्या. मगदूम बाईंच्याकडं जायचंय."

"झाड कापायला मी येत न्हाई मालक."

"मग?"

"माफी मागायला जानार असशीला तर शिडी धरतो."

करवत नर्सरीतच राहिली. शिडी का नेली ते मला अजून सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं, एवढंच.

बाई परड्यात उभ्या होत्या. मी शिडी भिंतीला टेकवली, चप्पल काढली आणि एका दमात सगळं सांगितलं. बिद्रीचा फोन, कात्री, पट्टीचा वळ, काला, छत्री, साबण, हसणं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. चौथीत पाढा म्हणताना ऐकायच्या तशाच ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी पावसात छत्री धरून उभी होते," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई."

"मूर्खासारखी हसत होते."

"व्हय बाई. मला माफ..."

"मला नंतर." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आधी तिला. चढ."

मी शिडी चढलो. भिंतीपलीकडे आक्का बाजेवर पाय पसरून बसल्या होत्या, पायाला पांढरंशुभ्र प्लास्टर, मांडीवर सुपात लसूण. भिंतीवर अचानक माझं डोकं उगवलेलं बघून त्यांनी सूप घट्ट धरलं.

"कोन रं त्यो? दिवसाढवळ्या भिंतीवर चढलास?"

"मी दत्ता, आक्का. नर्सरीवाला."

"झाड कापाय आलायस व्हय? काप की. माजी काय परवानगी पायजे?"

"आक्का, तुमच्या साबणाचं..."

"मोठ्यानं बोल! सुनेनं मिक्सर लावलाय."

मला एक पायरी खाली उतरून जरा श्वास घ्यायचा होता. पण खालून शिडी बाईंनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि हुसेनभाई, जे मला सोडवू शकले असते, ते बाईंच्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते. मी पोटातून ओरडलो, "तुमच्या साबणाचा कायबी दोष नव्हता! फांदी मी कापली! चुकून! आणि तुमचं नाव मी घेतलं, खोटं!"

वाक्याच्या मध्येच मिक्सर थांबला. 'खोटं' एवढा शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी दोन माणसं थांबली. आक्काच्या दारात सून आली, हातात मिक्सरचं भांडं तसंच.

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. "मग बाई रोज सकाळी हसत हुती, ती?"

"झाडाला हसत होत्या. हसलं की चाफा फुलतोय म्हणून. त्यालाबी मीच व्हय म्हणालतो. तुम्हाला त्या एकदाबी हसल्या न्हाईत."

शिडीखाली बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मग आक्का माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "बाई, हाय का तिकडं?"

"आहे," खालून बाई म्हणाल्या. शिडी मात्र सोडली नाही.

"पाय लई दुखतोय गं."

"येते," बाई म्हणाल्या. "याचं पुरं होऊ दे."

दोघी माझ्यासाठी थांबल्या होत्या. शिडीवर उभ्या उभ्या मी दोन्ही परड्यांत एकाच वेळी ऐकू जाईल असं, चौथीत कधी म्हणता आलं नाही इतकं स्पष्ट म्हणालो, "आक्का, बाई, दोघीबी ऐका. झाड चुकून कापलं, पण सहा वर्षं खोटं मी ठरवून बोललो. तुमच्या दोघींच्यात मी भिंत घातली. माझं चुकलं. मला माफ करा."